दीड अंशाची गोष्ट

एका रविवारी संध्याकाळी इंग्लंडहून माझ्या बालमित्राचा फोन आला. कोल्हापुरात आम्ही दोघं एका बाकावर शिकलो. पुढे मी बी. ए. च्या वाटेनं गेलो आणि तो बी. एस्सी. करून मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड शहरात जाऊन राहिला. खुशाली विचारून झाली, पाऊसपाण्याचं बोलणं झालं आणि मग त्यानं एकदम विचारलं, “मर्दा, थर्मामीटरमधला पारा तुटला की अब्बा काय करायचे रे?”

खरं म्हणजे हा प्रश्न कवीला विचारण्याचा नव्हे. पण त्यानं योग्य घर शोधलं होतं. माझे वडील कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लॅब अटेंडंट होते. हा मित्र त्याच कॉलेजात शिकला. शाळेला सुट्टी असली की मी अब्बांचा डबा घेऊन तिथं जायचो आणि दुपारभर रेंगाळायचो. लाकडी पेटीत कापसावर निजवलेले ते काचेचे थर्मामीटर मला अजून दिसतात.

मित्राची अडचण अशी होती. तो घरी बिअर करतो. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी पूर्वी परवाना लागायचा. १९६३ साली ती अट उठली आणि पुष्कळ घरांच्या परसात हा उद्योग सुरू झाला. त्याच्या सासऱ्यांनीही तेव्हाच सुरू केला. त्यांच्याकडून तो लेकीकडे आला आणि लेकीकडून जावयाकडे. सासऱ्यांचा थर्मामीटरही त्याच वाटेनं आला. पितळी पट्टीवर बसवलेला, पाऱ्याचा, फॅरनहाइटच्या खुणांचा. मित्राची बायको तीन वर्षांपूर्वी वारली. घर आवरताना थर्मामीटरची पेटी एकदा हातातून पडली. काच फुटली नाही म्हणून त्यानं देवाचे आभार मानले आणि ती परत फडताळात ठेवली. त्यानंतर केलेल्या दोन्ही खेपांची बिअर पाणचट झाली. शेवटी भिंग लावून पाहिलं, तेव्हा पाऱ्याची रेघ मध्येच तुटलेली दिसली. मध्ये सहा अंशांची फट आणि वर अडकलेला पाऱ्याचा एक तुकडा.

इथं एक खुलासा करायला हवा. मी स्वतः त्या वाटेला गेलेलो नाही आणि आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय असं काही घरी करणं हा गुन्हा आहे. अब्बा असते तर आधी ‘तौबा तौबा’ म्हणाले असते आणि मग म्हणाले असते, ‘बर्फ आण.’ मीही तेच केलं.

पण बर्फाकडे जाण्याआधी, पाच-सहा अंशांनी एवढं बिघडतं काय, हे पाहू. मलाही ते मित्रानंच समजावलं. जवाला मोड आणून ते वाळवतात, भरडतात आणि गरम पाण्यात तासभर भिजवून ठेवतात. मोड येताना दाण्यात जी विकरं तयार झालेली असतात, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो, ती दाण्यातल्या पिठाची साखर करतात. हे काम साधारण ६२ ते ६९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान चालतं. या पट्ट्याच्या खालच्या टोकाला राहिलात तर बिअर पातळ होते, वरच्या टोकाला गेलात तर दाट आणि गोडसर. खूपच वर गेलात तर विकरं मरतात आणि हाती राहते नुसती पेज. सासऱ्यांच्या घराण्याचा आकडा होता १५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साडेपासष्ट सेल्सिअस. नंतर ते पाणी निववून वीस अंशांच्या आसपास आणायचं आणि मग त्यात यीस्ट घालायचं. उकळत्यात घातलं तर तेही मरतं.

यातलं मला नवं काही वाटलं नाही. अम्मा दुधात करंगळी बुडवून विरजण लावायची. दूध कढत असलं तर दही लागत नाही, गार असलं तर रात्रभर तसंच राहतं. तिची करंगळी हाच आमच्या घरचा पहिला थर्मामीटर. जुने इंग्रज बिअरवालेही असंच करायचे. पाणी उकळून ठेवायचं आणि वाफ विरून पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की धान्य घालायचं. थर्मामीटर या धंद्यात शिरला तो अठराव्या शतकाच्या मध्याला. मायकेल कोम्ब्रून नावाच्या लंडनच्या बिअरवाल्यानं १७६२ च्या आपल्या पुस्तकात त्याचा पुरस्कार केला. तरी जुनी मंडळी नाखूशच होती. ऑल्टन गावच्या जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुणाला तर आपला थर्मामीटर वडिलांपासून लपवून वापरावा लागला, अशी नोंद आहे. वडिलांचा भरवसा हातावर आणि मुलाचा काचेवर. हे भांडण अजून मिटलेलं नाही.

आता दुरुस्ती. मी मित्राला सांगितलं, पहिली गोष्ट म्हणजे गॅसच्या ज्योतीवर धरू नकोस. पारा फुगतो, त्याला वर जायला जागा उरत नाही आणि खालचा फुगा फुटतो. अब्बा बर्फ फोडून त्यात जाडं मीठ मिसळायचे. नुसता बर्फ शून्य अंशाला असतो, मीठ घातलं की तो त्याच्याही बराच खाली जातो. त्यात फक्त खालचा फुगा बुडवायचा आणि थर्मामीटर उभा धरून वाट पाहायची. पारा आकसत आकसत खाली येतो आणि शेवटी सगळाच फुग्यात उतरतो. तुटलेला तुकडाही त्याच्यामागून येतो. हट्टी असला तर नळीवर बोटानं हलकेच टिचकी मारायची. मग काढून उभाच ठेवायचा आणि आपसूक तापू द्यायचा. पारा एकसंध होऊन वर चढतो. एकदा जमलं नाही तर दोनदा, तीनदा. घाई केली की काच जाते. ज्यांच्यात पाऱ्याऐवजी लाल रंगाचं स्पिरिट असतं, त्यांचं दुखणं वेगळं. त्यातलं स्पिरिट उडून वरच्या टोकाला थेंब धरतात. असा थर्मामीटर उभा धरून झटकला किंवा काही दिवस उभा ठेवला की बहुतेक वेळा जुळतो.

आणि जुळला म्हणजे काम संपलं, असं नाही. अब्बांच्या लेखी खरं काम तिथून सुरू व्हायचं. बर्फाचा चुरा करून त्यात थोडं पाणी घालायचं, मीठ मात्र नाही. त्यात थर्मामीटर ठेवून पारा स्थिर झाला की वाचायचं. तिथं शून्य अंश, फॅरनहाइट असेल तर बत्तीस, दिसायला हवेत. मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून वाचायचं. इथं एक गंमत आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. तिथं पाणी शंभराला नव्हे, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. उंचीमुळे हवेचा दाब कमी असतो, म्हणून. पण पुस्तकात शंभर लिहिलेलं असायचं, त्यामुळे मुलं थर्मामीटर न वाचताच जर्नलात शंभर लिहायची. अब्बा सातवी शिकलेले. ते मुलांना म्हणायचे, “बाबांनो, जे दिसतंय ते लिवा की.”

प्रत्येक थर्मामीटर या दोन ठिकाणी तपासून तो किती जास्त किंवा किती कमी दाखवतो, ते अब्बा एका वहीत लिहून ठेवायचे. कॉलेजच्या डेड स्टॉक रजिस्टरात त्या थर्मामीटरांचा नुसता आकडा होता. अब्बांच्या वहीत प्रत्येकाचं वेगळं पान होतं. नव्या आलेल्या एका सरांनी एकदा विचारलं, “चुकीचे दाखवतात ना? मग टाकून का देत नाही?” अब्बा म्हणाले, “चूक असू दे की, सर. केवढी हाय ते ठावं पायजे, बास.”

पुढच्या रविवारी मित्रानं पुन्हा फोन लावला. पारा जुळला होता. आवाजात शाळकरी आनंद होता. मी म्हटलं, “आता बर्फात तपास.” त्यानं फोन टेबलावर उभा ठेवला आणि माझ्यासमोरच बर्फाच्या चुऱ्यात थर्मामीटर धरला. पाच मिनिटं आम्ही दोघं गप्प होतो. मग तो वाकून म्हणाला, “साडेतेहतीस.” पाहिजे होते बत्तीस. म्हणजे दीड अंश जास्त. मी म्हटलं, “उकळून बघ.” सॅल्फर्ड समुद्रसपाटीपासून फारसं उंच नाही, तिथं दोनशे बारा हवेत. आले दोनशे साडेतेराच्या जवळ. म्हणजे थर्मामीटर दोन्हीकडे दीड अंशच पुढे होता. मी म्हणालो, “झालं तर. जे दिसेल त्यातून दीड वजा कर.”

तो काही बोलेना. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, “अरे, ती तेच करायची.”

त्याच्या घरी कामाची वाटणी ठरलेली होती. भांडी उचलणं, ढवळणं, धुणं याच्याकडे. थर्मामीटर वाचणं आणि वहीत लिहिणं बायकोकडे. ती मोठ्यानं म्हणायची एकशे साडेएक्कावन्न आणि वहीत लिहायची दीडशे. यानं ते कितीदा ऐकलं होतं आणि कितीदा पाहिलं होतं. त्याला वाटायचं, ही आकडा उगाच सरळ करून लिहिते, बायकांना व्यवस्थितपणा आवडतो. एकदा त्यानं त्यावरून तिची थट्टाही केली होती. ती हसली आणि काही बोलली नाही. बापाकडून लेकीकडे थर्मामीटरबरोबर ती दीड अंशाची चूकही आली होती आणि ती तिनं तोंडपाठ करून ठेवली होती. तिच्यामागे यानं वही उघडली, दीडशे वाचलं आणि थर्मामीटरवर दीडशे आणले. आधीची चूक दीड अंशाची आणि पडल्यावर झालेली फट सहाची, म्हणजे साडेसात अंश. बिअर पाणचट होईल नाहीतर काय!

मला त्याचं समाधान करता आलं नाही. मी म्हटलं, “वहीत वर लिहून ठेव आता.” तो म्हणाला, “हो, लिहितो.”

ही चूक येते कुठून? पारा तोच, नळी तीच, खुणा त्याच. मग बर्फातला पारा वर्षागणिक वर का सरकतो? दोष काचेचा आहे. तापवून, फुंकून फुगा बनवताना काच ताणली जाते. ती वरून थंड झालेली दिसली तरी आतून वर्षानुवर्षं आकसत राहते. फुगा किंचित लहान होतो आणि तेवढा पारा नळीत वर ढकलला जातो.

या गोष्टीचा पाठपुरावा ज्यानं सर्वांत चिकाटीनं केला, तो माणूस माझ्या मित्राच्याच गावचा निघाला. जेम्स प्रेस्कॉट जूल. जन्म सॅल्फर्डचा, १८१८ सालचा. आपण शाळेत ऊर्जेचं एकक ‘जूल’ शिकतो, ते याच्याच नावाचं. हा कुठल्या विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. वडिलांचा बिअरचा कारखाना होता, तिथं तो काम करायचा आणि उरल्या वेळात प्रयोग. पाण्यात वल्ही फिरवून पाणी किती तापतं, हे त्यानं मोजलं आणि काम व उष्णता यांचा हिशोब मांडला. पाणी तापायचं अगदी थोडं, अंशाचा अल्पसा भाग. जूलचा दावा होता की आपण एका फॅरनहाइट अंशाचा दोनशेवा भाग वाचू शकतो. बड्या शास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास बसेना. त्याचे थर्मामीटर मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर या कारागिरानं बनवलेले होते आणि वाचणारा डोळा बिअरच्या कारखान्यात तयार झालेला होता. ऑटो सिबुम या इतिहासकारानं १९९० च्या दशकात तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो किती अवघड आहे हे कळलं. जूलच्या हाताला हे वळण बिअरच्या धंद्यानं लावलं, असं त्यानं दाखवून दिलं.

तर या जूलनं आपला एक थर्मामीटर १८४४ साली बर्फात तपासला आणि पुढे अधूनमधून तपासतच राहिला. शेवटची नोंद १८८२ ची. अडतीस वर्षं! एवढ्या काळात बर्फातला पारा जवळजवळ एक अंश फॅरनहाइटनं वर सरकला होता. सुरुवातीची काही वर्षं भराभर, मग हळूहळू, मग अगदी संथ. म्हणजे नवा थर्मामीटर अस्थिर असतो आणि जुना शांत झालेला असतो. तो चुकतो, पण आज जेवढा चुकतो तेवढाच उद्या चुकतो. जूलनं तो चुकतो म्हणून टाकला नाही, त्याची चूक अडतीस वर्षं लिहून ठेवली. मला हे वाचताना अब्बांची वही आठवली. दोघांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण वही कळली असती.

या वहीचं मोल आमच्या घरानं एकदा चांगलंच अनुभवलं. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. धाकटा भाऊ चार वर्षांचा. त्याला ताप भरला. घरच्या जुन्या थर्मामीटरवरचे आकडे पुसट झाले होते, म्हणून अम्मानं त्याच आठवड्यात दुकानातून नवा आणायला लावला होता. रात्री नव्यानं दाखवले एकशे एक. अम्मा म्हणाली, “पट्ट्या ठेवू, सकाळी दवाखान्यात जाऊ.” अब्बांनी कंदिलाजवळ धरून जुना वाचला. एकशे तीन. अम्मा म्हणाली, “त्यो म्हातारा झालाय, खुळ्यासारखं दाखवतोय.” अब्बा म्हणाले, “म्हातारा अर्धा अंश जास्त बोलतो, तपासलाय मी. म्हणजे अडीच धर. नवा कितीचं खोटं बोलतो, कुणाला ठावं?” आणि त्या रात्री, बारा वाजता, भावाला चादरीत गुंडाळून सायकलवरून घेऊन गेले. पुढे अम्मा मांडीवर पोर घेऊन आणि मागे मी धावत. तो विषमज्वर निघाला. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ तीन आठवड्यांनी उठला. आज त्याला नातू आहे.

दुसऱ्या दिवशी अब्बा नवा थर्मामीटर कॉलेजात घेऊन गेले आणि कोमट पाण्यात चांगल्या थर्मामीटरशेजारी धरून तपासला. तो दीड अंश कमी दाखवत होता. मला वाटलं, आता हा फेकणार. त्यांनी तो घरी आणला, पेटीवर शाईनं ‘दीड मिळवा’ असं लिहिलं आणि दोन्ही थर्मामीटर शेजारी शेजारी ठेवले.

आता पाऱ्याचे दिवस संपत आले आहेत आणि ते बरंच आहे. लहानपणी फुटलेल्या थर्मामीटरचा पारा आम्ही तळहातावर खेळवायचो. आज ते आठवून अंगावर काटा येतो. पाऱ्याची वाफ विषारी असते. जपानमधल्या मिनामाता गावात पाऱ्यानं दूषित झालेली मासळी खाऊन माणसं कायमची पंगू झाली. त्या गावाच्या नावानं २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं तर २०११ पासून पाऱ्याचे थर्मामीटर तपासून देणंच बंद केलं. म्हणून मित्राला मी बजावलं की तो थर्मामीटर खाण्यापिण्याच्या भांड्यात बुडवू नकोस. भांड्यात फुटला तर सगळं टाकून द्यावं लागेल. जमिनीवर फुटला तर झाडूनं पसरवायचं नाही. खिडक्या उघडायच्या आणि जाड कागदानं थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरायचे.

त्यानं आता आकडे दाखवणारा डिजिटल थर्मामीटर घेतला आहे. तो दशांशापर्यंत आकडा सांगतो आणि आकडा इतका ठसठशीत असतो की शंका घ्यायला जीव धजत नाही. पण ओल शिरली, सेल उतरला की तोही चुकतो आणि चुकताना तेवढ्याच ठसठशीतपणे चुकतो. म्हणून दर खेपेआधी मित्र पेल्यात कोमट पाणी घेतो आणि दोघांना शेजारी बुडवतो. जुना जे दाखवतो त्यातून दीड वजा करतो आणि नव्याशी ताडून पाहतो. सासऱ्यांचा थर्मामीटर आता काम करत नाही, नव्याची परीक्षा घेतो. निवृत्त मास्तरांना शोभेल असंच काम आहे.

तुमच्याही घरी तापाचा थर्मामीटर असेल. डिजिटल असेल तरी एकदा दवाखान्यातल्या चांगल्या थर्मामीटरशी ताडून पाहा आणि काय फरक आला तो पेटीवर लिहून ठेवा. तापाचा काचेचा असेल तर तो उकळत्या पाण्यात मात्र कधी घालू नका, फुटेल.

अब्बा गेल्यावर त्यांची कॉलेजातली वही मी शोधली. प्रयोगशाळा नवी झाली होती, जुनं सामान निघून गेलं होतं, त्यात वहीही गेली. त्यांच्या पेटीत मिळाले ते घरचे दोन थर्मामीटर. एकावर लिहिलेलं, ‘अर्धा वजा’. दुसऱ्यावर, ‘दीड मिळवा’. अक्षर पुसट झालं आहे, अजून वाचता येतं.

मागच्या महिन्यात मित्राचा निरोप आला. बिअर जमली होती. सोबत वहीच्या पानाचा फोटो होता. वरच्या ओळीत, त्याच्या हातचं मराठीत लिहिलेलं: वाचलेले १५१॥. त्याच्याखाली: खरे १५०.